सह्याद्रीसाठी हलके ट्रेकिंग पोल कोणते घ्यावेत? नाशिककरांचे अनुभव हवेत

कातळवाट

दसऱ्यानंतर आमचा चौघांचा साल्हेर-सालोट्याचा बेत आहे. थंडीत धोडप आणि हरिहर करायचेत. चढायला कोणालाच त्रास नाही, पण उतरताना बायकोचे गुडघे दुखतात. एक मित्र अंगानं जड आहे, तो घसारा दिसला की बसत बसत उतरतो. म्हणून यंदा पोल घ्यायचं ठरवलंय.

ऑनलाइन पाहिलं तर जिथंतिथं 'अल्ट्रालाइट' हाच शब्द. एक जोडी ३०० ग्रॅमची, दुसरी ५५० ग्रॅमची, आणि किमतीत काही पटींचा फरक. हा अडीचशे ग्रॅमचा फरक आपल्या किल्ल्यांवर खरंच जाणवतो का? कार्बन घ्यावा की ॲल्युमिनियम? घडीचे बरे की एकात एक सरकणारे? बायकोची उंची पाच फूट, माझी पाच फूट आठ इंच. दोघांना एकाच मापाचे चालतील का?

नुसत्या कंपन्यांच्या नावांपेक्षा काय बघून घ्यायचं ते कळलं तर बरं होईल.

घळ आणि सोंड

प्रश्न नेमका विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

वजन महत्त्वाचं आहेच, पण एकूण वजनापेक्षा ते पोलच्या कोणत्या टोकाला आहे हे आधी बघा. दिवसभरात पोल हजारो वेळा उचलून पुढे टाकावा लागतो. मुठीजवळचं वजन हाताला फारसं कळत नाही, टोकाकडचं मनगटाला आणि खांद्याला कळतं. म्हणून काट्यावर सारखेच भरणारे दोन पोल हातात वेगवेगळे वाटतात. दुकानात दोन्ही पूर्ण उघडा, मूठ धरा आणि चालताना झुलवतो तसे झुलवा. जो सहज पुढे येतो तो घ्या. डब्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा ही परीक्षा खरी.

दुसरी गोष्ट परदेशी व्हिडिओंमधून कळत नाही. तिकडे लोक दिवसभर मळलेल्या वाटेवर चालतात आणि पोल सतत हातात असतो. आपल्याकडे हातांचं काम कधी लागेल सांगता येत नाही. कळसूबाईच्या शिड्या, धोडपची शिडी, हरिहरच्या खोबण्या असलेल्या उभ्या पायऱ्या, इथं पोल हातात ठेवणं धोक्याचं आहे. पोल सॅकला जायलाच हवा, आणि तिथं मिटल्यावरची लांबी आडवी येते. तीन भागांचा सरकणारा पोल मिटल्यावर साधारण ६० ते ६५ सेंटीमीटर राहतो. एका दिवसाच्या लहान सॅकला लावला की खांद्याच्या वर डोकावतो. कारवीत अडकतो ते एक वेळ चालेल, पण हरिहरला पहिल्या दरवाज्यानंतर कातळाखालून वाकून जायची जी वाट आहे, तिथं वर आलेलं टोक छताला लागलं तर सॅकसकट माणूस बाहेर ढकलला जातो. बाहेरच्या अंगाला दरी आहे. घडीचा पोल ३५ ते ४० सेंटीमीटरमध्ये मिटतो, सॅकच्या आतही मावतो.

तेव्हा हरिहर, अलंग-मदन-कुलंग अशा वाटा वारंवार करणार असाल तर घडीचा. साल्हेर, धोडप, रामशेज, पट्टा एवढंच असेल तर तीन भागांचा सरकणारा पुरे, तो जास्त दणकट असतो.

आता पोल कशाचा घ्यावा ते. माझं मत स्पष्ट आहे: पहिली जोडी ॲल्युमिनियमचीच घ्या. ॲल्युमिनियमवर आडवा ताण आला की ते वाकतं. वाकलेला पोल जपून थोडा सरळ करून निदान पायथ्यापर्यंत नेता येतो. कार्बन उभ्या दिशेनं भरपूर वजन पेलतो, पण आडव्या ताणाला किंवा खोल ओरखडा पडलेल्या जागी तो वाकत नाही, तुटतो. सगळा भार त्यावर टाकलेला असतानाच तुटतो. आपला बेसॉल्ट भेगांनी भरलेला. टोक भेगेत जातं, आपण पुढचं पाऊल टाकतो, पोल तिथंच अडकलेला असतो. हा आडवा ताण इथं रोजचा आहे.

चांगल्या ॲल्युमिनियमची जोडी ४५० ते ५५० ग्रॅममध्ये मिळते. कार्बनची ३०० ते ४५० मध्ये. तुमच्या जड मित्रासाठी तर मी कार्बनचा विचारच करणार नाही.

पहाटवारा

वरच्या बहुतेक मुद्द्यांना +१, पण कार्बनची बाजू मांडायला हवी.

मी बरीच वर्षं कार्बनचेच वापरतोय, इथंही आणि हिमालयातही. फरक वजनाचा आहेच, त्याहून जास्त कंपनांचा आहे. अंजनेरीच्या पायऱ्यांसारख्या कडक जागी ॲल्युमिनियम प्रत्येक आघाताला कोपरापर्यंत झिणझिण्या आणतं. कार्बन ती कंपनं बरीच जिरवतो. कोपराचं किंवा खांद्याचं जुनं दुखणं असणाऱ्याला हा फरक संध्याकाळपर्यंत चांगलाच कळतो.

तुटण्याबद्दल म्हणाल तर सवयीचा भाग मोठा आहे. टोक कुठं पडतंय हे बघायचं. भेगेत गेलं असं वाटलं तर पुढे न रेटता पोल सरळ वर उचलायचा. प्रत्येक ट्रेकनंतर नळीवरून बोट फिरवून ओरखडे तपासायचे. नखाला लागेल असा ओरखडा असेल तर तो भाग बदलायचा. नामांकित कंपन्या खालचा भाग सुटा देतात, घेतानाच त्याची चौकशी करा.

तुटलेल्या कार्बनला मात्र उघड्या हातानं धरू नका. त्याचे बारीक तंतू कातडीत घुसतात आणि दिसतही नाहीत. तुटलेल्या टोकाला लगेच चिकटपट्टी गुंडाळा. मी मुठीखाली हातभर चिकटपट्टी कायम गुंडाळून ठेवतो, ती बुटाचा सोल सुटला तरी उपयोगी पडते.

घळ आणि सोंड

@पहाटवारा, कंपनांचं मान्य. पण तुम्ही म्हणता ती टोकावरची नजर पहिल्यांदाच पोल धरणाऱ्याकडे नसते. घसाऱ्यावर त्याचं लक्ष पावलावर असतं, आणि ते तिथंच असायला हवं. म्हणून नवख्यांना मी ॲल्युमिनियमच सांगतो. दोन-तीन मोसम झाले, हात बसला, मग खुशाल कार्बन घ्यावा.

आरोग्यवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून गुडघ्यांपुरतं लिहिते.

उतारावर पोल वापरल्यानं गुडघ्यावरचा भार खरंच कमी होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. साल्झबुर्गच्या संशोधकांनी १९९९ साली २५ अंशांच्या उतारावर माणसांना पोलसह आणि पोलशिवाय उतरवून गुडघ्याच्या सांध्यावरची बलं मोजली. पोलसह ती १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरली. प्रयोगातली माणसं थोडी होती आणि सगळी तरुण, निरोगी होती हे लक्षात ठेवावं, पण दिशा स्पष्ट आहे. एका उतरणीत आपण हजारो पावलं टाकतो, त्या हिशेबानं हा फायदा मोठा आहे.

तो मिळतो मात्र पोल नीट वापरला तरच. मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पोल शरीराच्या मागे किंवा अगदी बाजूला टेकवणं. उतरताना पोल आधी टेकायचा, पाऊल नंतर. दोन्ही टोकं पुढच्या पावलाच्या थोडी पुढं, गुडघे किंचित वाकलेले, आणि वजन हातांवर खरोखर द्यायचं. नुसते हातात धरून उतरलात तर गुडघ्याला काही मिळत नाही, हातांना ओझं तेवढं होतं.

एकच पोल घेण्याचा मोह टाळा. एका पोलनं शरीर त्या बाजूला कलतं आणि भार सारखा वाटला जात नाही. उताराला जोडीच हवी.

आणखी एक. यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेच्या वैद्यकीय समितीनं असंही म्हटलं आहे की सतत पोल घेऊन चालल्यानं स्वतःचा तोल सावरण्याची क्षमता कमी होऊ शकते. म्हणून गुडघे ठणठणीत असलेल्या तरुणांनी सपाटीवर आणि सोप्या चढावर पोल सॅकला लावून चालावं, उतरणीला काढावेत. कातळवाट, तुमच्या पत्नीचं दुखणं ट्रेकनंतर दोन-तीन दिवसांत जात नसेल किंवा गुडघ्याला सूज येत असेल तर आधी तपासून घ्या. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आतापासून सुरू केले तर दसऱ्यापर्यंत फरक पडेल. पोल त्या व्यायामांची जागा घेऊ शकत नाहीत.

इगतपुरीची पोर

उंचीच्या प्रश्नावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझीही उंची पाच फूटच.

साधा नियम असा: बूट घालून सपाटीवर उभं राहायचं, पोल पायाशेजारी उभा धरायचा, कोपर काटकोनात आलं पाहिजे. आकड्यात सांगायचं तर उंची गुणिले ०.६८ धरा. पाच फूट म्हणजे १५२ सेंटीमीटर, म्हणजे पोल साधारण १०३. तुमची उंची १७३, तुम्हाला ११७-११८. चढताना यातून पाच ते दहा सेंटीमीटर कमी करायचे, उतरताना तेवढेच वाढवायचे.

म्हणजे वहिनींना ९५ पासून ११० पर्यंत जाणारा पोल हवा. सरकणाऱ्या पोलला ही अडचण नसते, तो कितीही आत ढकलता येतो. अडचण घडीच्या पोलला येते. त्यातले काही एकाच ठरावीक लांबीचे असतात, ११०, १२० असे. काहींना वरच्या भागात फक्त पंधरा-वीस सेंटीमीटरची सोय असते. १०५ पासून सुरू होणारा पोल घेतला तर माझ्या उंचीला तो चढावर खांदे वर ओढायला लावतो आणि मान भरून येते. दुकानदार 'सगळ्यांना चालतो' म्हणतात, त्यावर जाऊ नका. दोघांसाठी एकच माप नकोच. घडीचेच घ्यायचे असतील तर दोन वेगळ्या मापांच्या जोड्या घ्या.

मूठही बघा. माझे हात लहान आहेत, जाड रबरी मूठ पूर्ण पकडीत येत नाही आणि घामानं हाताला फोड येतात. ऑक्टोबरच्या उन्हात तर नक्कीच. रबर थंडीला ठीक. आपल्या हवेत कॉर्क किंवा फोम चांगला. फोम घाम शोषतो आणि हलका असतो, कॉर्क हळूहळू हाताच्या आकाराचा होतो. मुठीखाली फोम आणखी वीतभर लांबवलेला असेल तर फार सोय होते. पायऱ्यांचा छोटा टप्पा आला की लांबी बदलत बसायला नको, हात खाली सरकवला की झालं.

ब्रह्मगिरी फेरी

माझा मुद्दा जरा वेगळा आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची त्र्यंबकची फेरी आम्ही घरचे सगळे करतो. लहान फेरी सुमारे २० किलोमीटरची. आमच्याकडे वडीलधारी माणसं अजून बांबूचीच काठी घेतात. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीही काठ्या मिळतात, माकडांसाठी म्हणून बरेच जण घेतात. बांबू स्वस्त आहे, चिखलात रुततो तेव्हा हिसका दिला तरी तुटत नाही आणि वाकून नमस्कार करताना बाजूला टेकवून ठेवला तरी त्याची काळजी नसते. ज्यांना वर्षातून एकदाच लांब चालायचं आहे त्यांनी काही हजार रुपये घालवायची गरज मला वाटत नाही. काठी खांद्याच्या खाली, छातीच्या उंचीची, अंगठ्यापेक्षा थोडी जाड आणि गाठी तासलेली बघून घ्या.

आईच्या हातात मात्र गेल्या काही फेऱ्यांपासून ॲल्युमिनियमचे दोन पोल दिलेत. तिची कंबर वाकत नाही आता, बांबूनं ती एका बाजूला झुकायची. फेरीचा बराच भाग डांबरी आणि सिमेंटचा आहे, तिथं टोकाला रबरी बूच हवंच. लोखंडासारखं कडक टोक डांबरावर सरकतं आणि आवाजानं डोकं उठतं. चिखल लागला की बूच काढून खिशात टाकायचं, नाहीतर ते चिखलातच राहतं. दोन जादा बुचं बरोबर ठेवा.

घळ आणि सोंड

बुचाचा विषय छान काढलात. याला आणखी एक बाजू आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

पोलचं कडक टोक टंगस्टन कार्बाइडचं असतं. ते मुरमात, घसाऱ्यावर, वाळलेल्या गवतात उत्तम पकड घेतं. पण आपल्या किल्ल्यांवरच्या पायऱ्या कातळात कोरलेल्या आहेत, शेकडो वर्षं जुन्या. शनिवार-रविवारी त्यांच्यावर होणारी गर्दी आपण सगळे बघतो. प्रत्येकानं त्यावर कार्बाइडचं टोक ठोकत जायचं ठरवलं तर काय होईल? कोरीव पायऱ्या, दरवाजे, लेणी, पाण्याची टाकी यांच्याजवळ आलात की रबरी बूच चढवा किंवा पोल मिटवा. पांडवलेण्यांत तर पोल उघडायची गरजच नाही. कोरड्या कातळावर रबराची पकड कार्बाइडपेक्षा चांगली असते, म्हणजे यात आपलाही फायदाच आहे.

ओल्या शेवाळावर मात्र दोन्ही घसरतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर पोलच्या भरवशावर पूर्ण वजन टाकू नका.

सातपूर टूलरूम

लॉकबद्दल लिहितो, माझं कामच यंत्रांच्या जोडण्यांचं आहे.

बाजारात तीन प्रकार दिसतात. पिळून घट्ट करायचा ट्विस्ट लॉक, बाहेरून खटका दाबायचा लिव्हर लॉक, आणि घडीच्या पोलमधलं बटण. ट्विस्ट लॉकमध्ये आत एक प्लॅस्टिकचा तुकडा फुगून नळीला आतून दाब देतो. नळीत माती, ओल गेली की तो दाब धरत नाही आणि पोल भार आल्यावर अचानक आत जातो. किती घट्ट झालाय हे बाहेरून दिसतही नाही. लाल मातीच्या आणि चार महिने पावसाच्या आपल्या भागात मी तो कोणालाच सुचवणार नाही, कितीही हलका असला तरी.

लिव्हर लॉक काही ग्रॅमनं जड पडतो. पण बंद आहे की उघडा हे डोळ्यांनी दिसतं, हातमोजे असले तरी चालवता येतो, आणि ढिला झाला तर बाजूचा स्क्रू थोडा आवळला की काम होतं. धातूचा लिव्हर असेल तर उत्तम. ट्रेकला निघण्याआधी घरी पोल उघडून त्यावर पूर्ण वजन टाकून बघा. सरकला तर स्क्रू अर्धा फेरा आवळा आणि पुन्हा बघा. फार आवळू नका, पातळ नळी दबते.

घडीच्या पोलमध्ये आतून दोरी जाते आणि तीच सगळे भाग ताणून धरते. दोरी झिजली तर पूर्ण पोल ढिला पडतो आणि डोंगरावर दुरुस्ती होत नाही. सांध्यातली माती दर वेळी पुसायची सवय लावा.

'अँटी-शॉक'च्या स्प्रिंगसाठी जादा पैसे देऊ नका. वजन वाढतं, बिघडणारा आणखी एक भाग वाढतो, आणि भार टाकताना पोल दबल्यासारखा वाटतो.

देखभालीचं एवढंच सांगतो: पावसातून आल्यावर पोल मिटलेला ठेवू नका. सगळे भाग सुटे करा, साध्या पाण्यानं धुवा, फडक्यानं पुसा, रात्रभर सुटेच वाळवा. ओला मिटवून ठेवला की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि भाग एकमेकांत जाम होतात. तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, लॉकची पकडच जाते.

कातळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं दुकानातही कोणी सांगितलं नव्हतं. बायकोनं आणि मी दोघांनी बसून वाचलं.

आत्तापुरतं असं ठरतंय: मित्रासाठी तीन भागांचा ॲल्युमिनियम, लिव्हर लॉक. आम्हा दोघांसाठी घडीचे ॲल्युमिनियमचे, लांबी बदलता येणारे, दोन वेगळ्या मापांचे. व्यायाम आजपासून सुरू.

दोन शंका उरल्या. मनगटाचा पट्टा कसा वापरायचा? आणि आमच्याकडे पोलवर उभा राहणारा एक हलका तंबू आहे, त्याला हे चालतील का?

इगतपुरीची पोर

पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. असं केलं की भार पट्ट्यावर येतो, मूठ आवळून धरावी लागत नाही. पण घसाऱ्यावर, मोठ्या दगडांत किंवा जिथं पडायची शक्यता जास्त तिथं हात पट्ट्यातून बाहेर काढा. पडताना पोल हाताला अडकून राहिला तर अंगठा मुरगळतो, आणि टेकायला हातही मोकळा मिळत नाही. सालोट्याच्या चढाला पट्टे सोडूनच जा.

पहाटवारा

तंबूचं तंबूवर अवलंबून आहे. पोलवर उभे राहणारे बरेच तंबू १२० ते १२५ सेंटीमीटरचा आधार मागतात. तुमच्या मापाचा घडीचा पोल तिथवर वाढतो का ते घेण्याआधी बघा. वहिनींच्या मापाचा बहुतेक पोहोचणार नाही. मित्राचा सरकणारा पोल तिथं कामाला येईल. तंबूच्या पिशवीवर आकडा छापलेला असतो.

आणि विमानानं कुठं जाणार असाल तर पोल हातातल्या बॅगेत ठेवू नका, चेक-इनच्या सामानातच टाका. टोकांवर बुचं चढवून.

ब्रह्मगिरी फेरी

एक विचारायचं राहिलं. आईच्या पोलची कडक टोकं झिजून अगदी गोल झालीत. पोल बाकी चांगले आहेत. नवीन घ्यावे लागतील का?

सातपूर टूलरूम

नाही, फक्त टोक बदला. बऱ्याच कंपन्यांची टोकं सुटी मिळतात. नळीच्या शेवटच्या भागाचा व्यास मोजून त्याच मापाचं आणा. जुनं टोक काढायला पोलचं खालचं टोक काही मिनिटं गरम पाण्यात धरा, प्लॅस्टिक सैल होतं. मग पकडीनं धरून, हळू फिरवत सरळ ओढा. नळी पकडीत आवळू नका. नवीन टोक चढवताना गोंद लावायची गरज नाही: घट्ट बसवा आणि लाकडाच्या फळीवर पोल चार-पाच वेळा उभा आपटा, ते स्वतःच बसतं. काही पोलना टोक आट्यांचं असतं, ते ओढू नका, फिरवूनच निघतं. त्र्यंबकहून नाशिकला येणं झालं तर पोल घेऊन या, मी करून देईन.